टॉवेलवर आणखी किती लिहायचं?

दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम करता?"

मी म्हटलं, "टॉवेलवर लिहिते."

पलीकडून कौतुकाचा आवाज आला, "अरे वा! भरतकाम की छपाई?"

हा गैरसमज मला नवा नाही. माझ्या नणंदेनं तर लेकाच्या लग्नात आहेराच्या टॉवेलांवर नावं घालून हवीत म्हणून दोन डझन टॉवेल आमच्या घरी आणून टाकले होते. तेव्हा खुलासा आधीच करते. मी टॉवेलवर म्हणजे टॉवेलविषयी लिहिते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा, पण एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसल्यावर 'आमचा' म्हणायला मी कुणाची परवानगी घेत नाही. कारखान्याची वेबसाइट आहे, वेबसाइटवर ब्लॉग आहे आणि त्यावर दर सोमवारी सकाळी नऊ वाजता टॉवेलविषयी एक लेख येतो. तो मी लिहिते.

मुळात मी इथे आले ती टायपिस्ट म्हणून. मालक मल्लप्पा अण्णा घरात कानडी बोलतात, बाहेर मराठी बोलतात आणि दोन्हीकडे चिडलेले असतात. एखाद्या व्यापाऱ्यानं माल परत पाठवला की अण्णा केबिनमधून ओरडायचे, "बाई, त्याला लिवा, तुज्या दुकानाला कुलूप लागंल म्हनावं!" मी टाइप करायची, "सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राने आश्चर्य वाटले." एक गिऱ्हाईक होतं, त्याची तक्रार अशी की पूर्वी अंगाभोवती पुरणारा टॉवेल हल्ली पुरत नाही, तुम्ही माप कमी केलंत. अण्णा म्हणाले, "त्याला सांगा, पोट कमी कर." मी लिहिलं, "आमचे माप पूर्वीचेच आहे. आपली प्रकृती उत्तम असल्याचे वाचून आनंद झाला." त्यानं पुढची ऑर्डर मोठ्या टॉवेलांची दिली.

पत्र लिहून झालं की अण्णा न वाचता खाली सही करायचे. बाजारात त्यांचा लौकिकच तसा झाला होता, मल्लप्पा शेठ बोलायला फटकळ, पण लिहायला लोणी. मी ऐकायची आणि गप्प बसायची. नोकरीच ती होती.

मग ईमेल आला, मग व्हॉट्सअॅप आला, आणि पत्रं संपली. लोक नुसता अंगठा पाठवायला लागले. मी खुर्चीत बसून राहायची, खुर्चीसारखीच. अशात अण्णांच्या सूनबाई अश्विनी कारखान्यात लक्ष घालू लागल्या. कॉम्प्युटर शिकलेल्या. त्यांनी वेबसाइट केली आणि म्हणाल्या, ब्लॉग हवा. अण्णांनी विचारलं, "बिलॉग म्हंजे काय?" सूनबाई म्हणाल्या, "पत्रच मामंजी, पण सगळ्या जगाला."

"मग बाई लिवतील की," अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

पहिला लेख आला त्या सोमवारी मी तो उघडून शेवटपर्यंत खाली सरकवला. तिथे बारीक अक्षरांत माझं नाव होतं. एवढी वर्षं मी लिहिलेल्या कागदाखाली माझं नाव कधी आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, डब्याच्या सुट्टीत मी ते चार वेळा जाऊन पाहिलं.

टॉवेलविषयी लिहिण्यासारखं किती असतं, असं लोक विचारतात. सुरुवातीला पुष्कळ असतं. टॉवेल कसा धुवावा. टॉवेल कसा वाळवावा. टॉवेल का खरखरतो. प्रवासात किती टॉवेल न्यावेत. ते संपलं की माणूस खोलात जातो. 'टॉवेल आणि माणसाचा स्वभाव.' 'पाहुण्यांना कोणता टॉवेल द्यावा आणि तो परत कसा मिळवावा.' 'ओला टॉवेल पलंगावर टाकणारे नवरे: कारणे व उपाय.' या शेवटच्या लेखाला फार प्रतिसाद आला. आमच्या घरात तीन दिवस अबोला होता, आणि त्या तीनही दिवशी ओला टॉवेल पलंगावर होता.

वाचकही एकेक नमुने. एक गृहस्थ दर सोमवारी विचारायचे, "ओला न होणारा टॉवेल मिळेल का?" मी त्यांना नेमानं कळवायची की संशोधन चालू आहे.

अशी सात वर्षं गेली आणि श्रावणातल्या एका शुक्रवारी मी कॉम्प्युटरपुढे बसले, 'टॉवेल' एवढा शब्द लिहिला आणि पुढे काही येईचना. तास गेला. मी 'टॉवेल' खोडून 'टॉवेल' पुन्हा लिहिलं. तो सोमवार कोरा गेला. पुढचाही गेला. तिसऱ्या सोमवारी अण्णा दारात उभे.

"बाई, नऊ वाजून गेले की. बिलॉग कुटं हाय?"

मी आदल्या दिवशीच इंटरनेटवर या दुखण्याचं नाव शोधून काढलं होतं. म्हटलं, "अण्णा, मला रायटर्स ब्लॉक आलाय."

"कुनी ब्लॉक केलं तुमाला?" अण्णांनी खिशातून मोबाइल काढला. "नंबर सांगा, मी बोलतो त्याच्याशी."

समजावून सांगायला अर्धा तास लागला. शेवटी अण्णा म्हणाले, "म्हंजे सुचंना झालंय. हे कसं हाय बगा बाई, लूम थांबलं तर लूमचा उपेग न्हाय. दिवाळीचं गिऱ्हाईक आता चालू होतंय. सुचत नसंल तर बिलॉग बंद करू. तुमी बी लई वर्षं काम केलं. आता आराम करा."

आमच्याकडे 'आराम करा' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. सत्कार, नारळ, शाल, आणि आपल्याच कारखान्याचा टॉवेल. मला घरी बसायची भीती नव्हती. घर चांगलं आहे. पण ते खालचं बारीक अक्षरातलं नाव जाणार होतं.

इंटरनेटवर उपाय भरपूर होते. पहिला, मोकळ्या हवेत फेरफटका मारा. मी एमआयडीसीच्या रस्त्यावर फेरफटका मारला. दहा मिनिटांत पाच मोटारसायकली थांबल्या. "बाई, गाडी चुकली का?" "बाई, चक्कर आली का?" विचार करायला चाललेय म्हटल्यावर एकानं माझ्या घरी फोन केला. दुसरा उपाय, बसायची जागा बदला. मी वही घेऊन गोदामात एका गठ्ठ्यावर बसले. जरा कुठे काही सुचतंय असं वाटलं, तर हमाल म्हणाला, "उटा बाई, ह्यो गठ्ठा हैदराबादला चाललाय." तिसरा उपाय, मनात येईल ते दहा मिनिटं न थांबता लिहा. मी लिहिलं. कढीपत्ता, गॅस नोंदवणे, भाचीच्या साखरपुड्याची साडी, टॉवेल, टॉवेल, टॉवेल.

शेवटी औषध मिळालं ते अंबादासकडे. अंबादास आमचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. घरची बोली तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मागाशी तो कोणत्या भाषेत बोलतो ते मागालाच ठाऊक. मी शेडच्या दारात उभी होते, तो हात पुसत आला.

"म्याडम, ऐकलं मी. तुमचा धागा तुटलाय का बीम संपलाय?"

बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा मोठा रूळ. त्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात, हजारोंनी. ते उलगडत पुढे येतात आणि त्यांत आडवा धागा विणला जाऊन कापड होतं.

"माग थांबला की नवीन पोरं घाबरतेत," अंबादास म्हणाला. "मी पैला तेवढंच बगतो. धागा तुटला असंल तर टोक शोदायचं, गाठ मारायची, चालू. बीम संपला असंल तर नवा चडवायचा."

"माझा बीमच संपलाय, अंबादास."

"पूरा?"

"अगदी पूरा."

त्यानं कपाळाला हात लावला. "पूरा कोन संपवतं म्याडम! हातभर सोडायचं असतं की!"

मग त्यानं मला मागाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे एक बाई स्टुलावर बसून जुन्या बीमच्या उरलेल्या टोकांना नव्या बीमचे धागे एकेक करून गाठत होती. बोटं दिसत नव्हती इतक्या वेगानं. अंबादासनं सांगितलं, जुना बीम शेवटच्या धाग्यापर्यंत कधीच विणायचा नाही. हातभर शिल्लक ठेवायचा. त्या टोकांना नवे धागे बांधले की जुने धागेच नव्यांना फणीतून ओढून नेतात. पण जुना पूर्ण विणून टाकला, तर प्रत्येक धागा नव्यानं ओवत बसा. दिवस गेला.

"तुमी रोज लेख पूरा करून घरी जाता की न्हाय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय! पूर्णविराम देऊन."

"मग तितंच चुकतंय. आजपासून अर्धं वाक्य सोडून जायचं. उद्या आलं की त्याला गाठ मारायची."

एकतीस वर्षं या कारखान्यात काढली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी शेडमध्ये जाऊन पाहिलं नव्हतं. पत्र लिहिणारी माणसं ऑफिसच्या पंख्याखालून हलत नाहीत.

मी लगेच बसले. तो शुक्रवार होता. नव्या टॉवेलची पहिली धुलाई यावर एक परिच्छेद झाला, दुसरा झाला, आणि हात चालतोय तोवरच थांबायचं म्हणून मी लिहिलं, "आता या कारखान्याबद्दल एक गोष्ट सांगते. ती मी इतकी वर्षं लपवून ठेवली, कुणालाही सांगितली नाही. ती म्हणजे". इथे थांबले. जागा अगदी झकास साधली होती. खुशीत कॉम्प्युटर बंद केला आणि शनिवार-रविवार भाचीच्या साखरपुड्याला गेले.

इकडे सूनबाईंनी माझ्यावरच्या मायेपोटी एक काम करून ठेवलं होतं. सोमवार चुकू नये म्हणून ब्लॉगला असं लावलं होतं की नऊ वाजता जे काही लिहिलेलं असेल ते आपोआप जगापुढे जावं.

ते गेलं. 'ती म्हणजे'पर्यंत.

साडेनऊला मी पोहोचले तर लेखाखाली लोकांची रांग लागली होती. "ती म्हणजे काय??" "बाई, बऱ्या आहात ना?" "लिहिता लिहिता यांना कोणी उचललं वाटतं." ओला न होणारा टॉवेल मागणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "मला माहीत होतं! तुम्ही तो बनवला आहे!"

सगळ्यांना वाटेल की मी चटकन वाक्य पुरं करून मोकळी झाले असेन. अडचण अशी होती की वाक्याच्या पुढे काय लिहायचं होतं ते मला आठवेना. शपथेवर सांगते, अजिबात आठवेना. अंबादासच्या मागावर जुनं टोक डोळ्यांसमोर लोंबत असतं. माझं टोक साखरपुड्याच्या जेवणावळीत कुठंतरी पडलं होतं.

दहा वाजता अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. मी मनाची तयारी केली.

"बाई," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "पंचाचं तुमाला कुनी सांगितलं?"

अण्णांपुढे गप्प बसलं की ते आणखी बोलतात, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकले होते.

"लहानपनापास्नं सवय हाय हो. टॉवेलनं अंग पुसलं की पुसल्यासारकं वाटतच न्हाय मला. लई प्रयत्न केला. शेवटी पंचाच लागतो. घरात फकस्त बायकोला ठावं हाय." टॉवेलच्या कारखान्याचा मालक घाम पुसत होता, आणि तोही रुमालानं. "आता लिवू नका म्हंजे झालं."

(हे मी अण्णांच्या परवानगीनं लिहिते आहे. ते म्हणाले, "होगलि बिडु, जाऊ द्या, आता काय राहिलंय.")

अकरा वाजता सूनबाई आल्या. पाहुण्यांच्या बाथरूममधले दोन टॉवेल दुसऱ्या कंपनीचे आहेत, ऑनलाइन मागवले, मऊ असतात हो, मामंजींना सांगू नका. त्यांची परवानगी मी घेतलेली नाही, पण त्या आता दिवाळी अंक वाचत नाहीत.

दुपारी अंबादास आला, टोपी हातात घेऊन. "म्याडम, ते चौदा नंबर मागावरचे मोर ना..."

आमच्या एका टॉवेलच्या काठावर दोन मोर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. तो टॉवेल फार खपतो. अंबादास म्हणाला, "ते तोंडाला तोंड करून पायजे होते. नक्षी लावताना माझ्याकडून उलटं झालं. मी सांगणारच होतो, पण तुमी त्याच्यावर लेख लिवला." खरं होतं. 'रुसलेल्या मोरांची परंपरा' असा तो लेख होता. ती परंपरा मी एका दुपारी चहा पिताना तयार केली होती.

घरी आले तर आमचे हे दारातच उभे. "तू ते माझ्याविषयी लिहिणार होतीस का? टॉवेल मी मुद्दाम टाकतो. तू दिवसभर तिकडे असतेस, आल्यावर ओरडलीस की घरात माणूस आल्यासारखं वाटतं." मी ओरडले नाही. पण टॉवेल त्यांनाच उचलायला लावला.

एका अर्ध्या वाक्यानं चार माणसांच्या पोटातलं बाहेर आलं. माझ्याकडे वर्षभर पुरेल एवढा ऐवज जमला होता, आणि त्यातलं काहीच त्या वाक्याला बांधता येत नव्हतं. मंगळवारी अण्णांनी निरोप पाठवला, येत्या सोमवारी वाक्य पुरं करा. पंचा सोडून काहीही लिहा. व्यापारी फोन करकरून हसायला लागलेत. नाही जमलं तर ब्लॉग बंद आणि तुम्ही आराम करा.

आठवडाभर मी वेगवेगळी शेपटं लावून पाहिली. "ती म्हणजे टॉवेल सावलीत वाळवावा." हे लपवून ठेवण्यासारखं काय आहे? "ती म्हणजे आमची गुणवत्ता." वाचताना मलाच जांभई आली. शनिवारी दुपारी मी स्वतःला सरळ विचारलं, बाई, तू इतकी वर्षं खरंच काय लपवून ठेवलंस? उत्तर समोरच होतं. मी बोटं चालवायला लागले तेव्हा कळलं की धागा तुटलाच नव्हता. मीच त्याच्यावर पाय देऊन उभी होते.

"ती म्हणजे, या कारखान्याची एकतीस वर्षांतली सगळी पत्रं मी लिहिली." एवढंच. आणि पूर्णविराम.

मग भीती वाटली. बाजारात अण्णांच्या पत्रांचं नाव होतं. ते मी त्यांच्या हातून काढून घेत होते, तेही साऱ्या जगापुढे. त्यांनी माझ्यावर कधी अन्याय केला, असंही नाही. पत्र कुणी लिहिलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नसेल. लेख पुसून टाकायला मी दोनदा हात पुढे केला. रविवारीही फोनवरून पुसता आला असता. पुसला नाही.

सोमवारी नऊला तो गेला. अकरा वाजता अण्णांनी बोलावलं. समोर सूनबाईंनी कागदावर काढून दिलेला लेख होता.

"सात वर्षांत पैल्यांदा वाचला तुमचा बिलॉग," अण्णा म्हणाले. पुढे काही म्हणायच्या आत त्यांचा फोन वाजला. जेऊरच्या कापड दुकानदाराचा होता, चंद्रकांतशेठचा, जुनं गिऱ्हाईक. अण्णांनी सवयीनं स्पीकर लावला.

"अण्णा, बाईंनी लिवलंय ते खरं हाय का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"खरं हाय," अण्णा म्हणाले.

"माजं वडील गेलं तवा तुमचं पत्र आलं हुतं. त्यात लिवलं हुतं, तुमचे वडील दर ऑर्डरीखाली तिकडची ज्वारी कशी हाय ते लिवायचे, आता आम्हाला ज्वारीची खबर कोण देणार, असं. ते बी बाईंनीच लिवलं का?"

मी मान हलवली. अण्णांनी ती हलताना पाहिली आणि फोनकडे तोंड करून "व्हय" म्हणाले.

"तवापास्नं म्या तुमाला दर ऑर्डरीत ज्वारीची खबर लिवतोय की!"

"तरीच!" अण्णा एकदम ओरडले. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुला ज्वारी इकायची हाय! मी घरात पोती ठेवायला जागा बी बगून ठेवली हुती!"

तिकडून हसणं ऐकू आलं, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "त्ये पत्र दुकानात काचंत लावलंय. खाली तुमची सही हाय अण्णा, ती ऱ्हाऊ द्या. पन शेजारी बाईंचं नाव लिवायचं हाय. काच काढून बसलोय. बाई हायत का तितं? नाव सांगा म्हनावं."

अण्णांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "घ्या. हे तुमचं हाय."

कुणाच्याही नावानं कसलंही पत्र मी न अडखळता लिहीत आले. त्या वेळी तोंड उघडलं आणि माझंच नाव मला सांगता येईना. पलीकडे चंद्रकांतशेठ "सांगा की बाई, सावकाश सांगा" म्हणत थांबले होते.

अण्णा टेबलावरून पुढे वाकले आणि फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, "लिव. महादेवी शिवशरण बिराजदार."

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.